खेळातला शाहीर आणि फाट्यावरचा शाहीर

मुंबई-पुणे जुन्या महामार्गाने बोरघाट चढण्यापूर्वी खोपोलीत शिळफाटा लागतो. ठाणे-कल्याणच्या बाजूच्या शिळफाट्याशी त्याचा संबंध नाही. येथून एक वाट घाटमाथ्यावर जाते, एक मुंबईकडे, तर तिसरी पालीकडे वळते. महडच्या वरदविनायकाचे दर्शन घेऊन बल्लाळेश्वराकडे निघालेल्या अष्टविनायकाच्या गाड्या हीच तिसरी वाट धरतात आणि २०१३ पासून इमॅजिका या मनोरंजन उद्यानाकडे जाणारी शाळकरी मुलेही. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि घाईची वाहतूक बाजूने निघून गेली. तरीही फाट्याचे फाटापण गेलेले नाही. तीन दिशांची माणसे आणि तीन दिशांच्या बातम्या जेथे एकत्र येतात, अशी जागा फिरस्त्या गाणाऱ्याला एके काळी हवीच असे.

हा फिरस्ता गाणारा आज महाराष्ट्राच्या रस्त्यांवर क्वचितच भेटतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र त्याला चांगले दिवस आले आहेत. भूमिका स्वीकारून खेळण्याच्या, अर्थात ‘रोल-प्लेइंग’ प्रकारच्या खेळांत खेळाडूला सुरुवातीलाच आपण कोण हे ठरवावे लागते. योद्धा, मांत्रिक, चोर, पुजारी आणि ‘बार्ड’. बार्ड म्हणजे गावोगाव हिंडणारा गायक-कथेकरी. मराठीत त्याला एक नेमका शब्द नाही, कारण आपल्याकडे ही कामे शाहीर, गोंधळी, वासुदेव, भाट, डवरी गोसावी अशा अनेकांनी वाटून घेतली होती. १९७४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळात १९७६ मध्ये बार्ड दाखल झाला, १९८५ मध्ये ‘द बार्ड्स टेल’ने त्याला संगणकावर आणले आणि २०२३ मध्ये बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजच्या ‘बाल्डर्स गेट ३’ने त्याला थेट नायक होण्याची मुभा दिली. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून ‘द गेम अवॉर्ड्स’चा मुख्य सन्मान याच खेळाला मिळाला.

या खेळांत गाणे ही शोभेची वस्तू नसते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘बाल्डर्स गेट ३’मधला बार्ड सोबत्याला स्फुरण देतो आणि त्या सोबत्याचे पुढचे दान त्यामुळे वजनदार पडते. तो शत्रूची अशी काही निर्भर्त्सना करतो की शब्दांनीच शत्रूला इजा होते. काही बलाढ्य प्रतिस्पर्धी तर त्याच्या बोलण्याने हतबल होतात. तो चौकात उभा राहून वाद्य छेडू लागला की लोक जमतात आणि त्याच्यापुढे सोन्याची नाणी टाकतात. १९८५ च्या खेळात तर आणखी गंमत होती. ठरावीक गाणी झाली की बार्डचा घसा कोरडा पडे. गुत्त्यात जाऊन पेय घेतल्याशिवाय त्याला पुढचे गाणे म्हणता येत नसे. बिदागीचा हिशेब मांडणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही फडाला हे गणित परके वाटणार नाही.

मराठी माणसाला यातले काहीच परके वाटू नये. पोवाडा हे वीरश्रीचे साधन होते. कलगी-तुऱ्याच्या झगड्यात सवालाला जबाब देता आला नाही की भर सभेत हार पत्करावी लागे. गोंधळी यजमानाच्या कुळाचा इतिहास मुखोद्गत ठेवी. १८९१ मध्ये हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तो गोंधळ्यांच्या मुखातून ऐकून उतरवलेल्या सामग्रीच्या बळावर. म्हणजे छापखान्यापूर्वी या प्रदेशाची स्मृती ज्यांनी वाहिली, ती माणसे पायी चालणारी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी डफाची थाप सभांच्या मैदानांत नेली. शाहीर साबळे यांच्या आवाजाने घराघरांत पोहोचलेले गीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले. शाहिराच्या शब्दाने काही घडते, हा आपला अनुभव आहे. खेळाच्या रचनाकारांनी त्याला आकडे जोडले, इतकेच.

शिळफाट्यापासून पालीच्या रस्त्याला लागून आत वळले की चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी येथे शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली. शाहिस्तेखानाने पुण्याहून कोकण जिंकण्यासाठी पाठवलेला हा सरदार बोरघाटाची रुळलेली वाट टाळून कुरवंड्याच्या बाजूने उतरला आणि दाट रानातल्या चिंचोळ्या खिंडीत अडकला. दोन्ही अंगांना मराठे दबा धरून होते, पाणी तुटले होते. या प्रसंगाची अखेर कशी झाली हे विशेष आहे. खानासोबत रायबाघन ही सरदार स्त्री होती. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त तिने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिल्याचे वर्णन येते. खानाने खंडणी मान्य केली, सामान टाकले आणि वाट सोडवून घेतली. म्हणजे शेवटचा घाव तलवारीचा नव्हता, शब्दाचा होता. दरवर्षी २ फेब्रुवारीला तेथे विजयदिन साजरा होतो. तथापि अफजलखान वध आणि सिंहगड यांचे पोवाडे अज्ञानदास व तुळशीदास यांच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या गाजले, तशी कीर्ती उंबरखिंडीच्या वाट्याला आली नाही.

ऐतिहासिक खेळ करायचा म्हटले की आपल्याकडे प्रथम किल्ला, मग ढाल-तलवार, मग छावणी असा क्रम सुचतो. उंबरखिंड तलवारीने खेळायची तर ती चार घटकांत संपेल. तीच लढाई शाहिराच्या भूमिकेतून खेळायची झाली तर कितीतरी वाटा फुटतात. घाटाखालच्या वाड्यांतून खानाच्या हालचालींची बातमी काढणे, ती वेळेत पोहोचवणे, रायबाघनच्या तोंडी कोणता युक्तिवाद घालायचा हे ठरवणे आणि लढाई संपल्यावर ती कोणाच्या बाजूने, कोणासमोर, कशी गायची हे निवडणे. या शेवटच्या निवडीत खरा पेच आहे. जिंकलेल्याच्या दरबारात गाईलेला पोवाडा आणि रसद टाकून परतलेल्या शिपायांच्या मुक्कामात गाईलेले गाणे एकच असणार नाही.

याच परिसरातले दुसरे उदाहरण शिंग्रोबाचे. बोरघाटातून वाट कशी काढावी हे इंग्रज अभियंत्यांना एका धनगराने दाखवले आणि त्याचा मोबदला त्याला प्राणाने चुकवावा लागला, अशी आख्यायिका घाटातल्या त्याच्या मंदिरामागे उभी आहे. जाता-येता वाहनचालक तेथे नाणी वाहतात. कोणी ही कथा १८३० च्या रस्त्याशी जोडतो, कोणी १८६३ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेमार्गाशी. इतिहासलेखकाला यातून एक पर्याय निवडावा लागतो किंवा दोन्ही सोडावे लागतात. खेळाला तसे बंधन नाही. धनगरवाड्यात एक पाठ ऐकू यावा, रेल्वेच्या मजुरांत दुसरा आणि दोन्ही ऐकून आपले गाणे रचण्याची जबाबदारी खेळाडूवर पडावी. लोकस्मृती प्रत्यक्षात अशीच चालते. कर्जतच्या ठाकरांचा अभ्यास ल. ना. चापेकर यांनी १९६० मध्ये इंग्रजी ग्रंथरूपाने मांडला. त्या वाड्यांतली गाणी आणि नाच तर अजून कोणत्याही खेळाच्या नकाशावर नाहीत.

हे सारे स्वप्नरंजन वाटू नये, कारण राज्याने या क्षेत्रासाठी तिजोरी उघडण्याचे ठरवले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या उद्योगांचे धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतच्या या आराखड्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद सांगण्यात आली. त्याआधी ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स तसेच मनोरंजनाच्या व शैक्षणिक खेळांना त्यापासून वेगळे काढले. गेमिंग म्हणजे रमी, ही मध्यमवर्गीय समजूत निदान कायद्यापुरती तरी दूर झाली. कौशल्याचीही वानवा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये आला. त्यातली नायिका डोंबाऱ्याच्या जातकुळीच्या कसरती करणारी मुलगी आहे आणि कथेचा बराच भाग बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडतो. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा प्रयत्न फसलेला हा खेळ पुढे ‘द गेम अवॉर्ड्स’च्या पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोहोचला. फिरत्या कलावंताला नायक करता येते, हे पुण्याने दाखवून दिले आहे.

अडचण वेगळीच आहे. पडद्यावरचा बार्ड चौकात गातो तेव्हा त्याच्यापुढे पडणारे नाणे ही त्याची कमाई असते. महाराष्ट्रात १९५९ पासून अस्तित्वात असलेल्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याची व्याख्या वाचली तर सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे या निमित्ताने दान स्वीकारणे हीसुद्धा भीकच ठरते. हा कायदा अधिसूचित क्षेत्रांत लागू होतो आणि रोज कोणा वासुदेवाला पकडले जाते असे नव्हे. पण कायद्याच्या नजरेत त्या माणसाचे स्थान काय, हे व्याख्येने सांगून टाकले आहे. दिल्लीपुरत्या या कायद्याच्या अनेक तरतुदी तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या.

त्याच वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. डवर वाजवत दारोदार भिक्षा मागत फिरणे ही या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सोलापूर जिल्ह्यातून आलेली ती माणसे अनोळखी होती, एवढा संशय पुरेसा ठरला. खेळात बार्ड गावाच्या वेशीवर आला की मुले धावत येतात. तोच प्रवेश प्रत्यक्षात जिवावर बेतू शकतो, हे ज्या राज्याने पाहिले आहे, तेथे ‘भटका गायक’ हे निव्वळ रंजक पात्र म्हणून विकणे सोपे नाही. सोपे असले तरी ते शोभणारे नाही.

शिवाय ज्ञानाचा मोबदला हा प्रश्न आहेच. अशा खेळासाठी गोंधळ्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला जाईल, संबळावरची त्याची बोटे आणि त्याची पावले कॅमेऱ्यांनी टिपली जातील. परंपरागत गीताचा कर्ता अज्ञात असल्याने त्यावर कोणाची मालकी नाही, असे स्टुडिओ म्हणू शकतो आणि ते कायद्याला धरूनही असेल. मात्र सादरकर्त्याचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आले. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरावर मानधनाचा आणि नामनिर्देशाचा हक्क अधिक भक्कम केला. सादरीकरणावरचा हा हक्क ५० वर्षे टिकतो. कागद इतका स्पष्ट असताना व्यवहारात मात्र लोककलावंताच्या हाती एकरकमी पाकीट आणि शाल-श्रीफळ पडते. यंत्राने एकदा आवाज शिकला की पुढची गाणी मूळ गायकाविना तयार होऊ शकतात, ही नवी भर. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना राज्य सरकार दरमहा ५,००० रुपये मानधन देते. ते वृद्धापकाळातले साहाय्य आहे, कलेची किंमत नव्हे.

गेमिंग धोरणाखालची अनुदाने वाटली जातील तेव्हा या प्रश्नांची दखल घेता येईल. ज्या खेळात लोककलेचे ध्वनिमुद्रण वापरले जाते, त्या खेळाला अनुदान देताना सादरकर्त्याशी झालेला लेखी करार मागणे अवघड नाही. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या संस्थेला अशा करारांचा नमुना ठरवण्याचे काम देता येईल. वाद्यांचे नमुने, गाण्यांचे पाठभेद, ते कोणाकडून मिळाले याच्या नोंदी एकत्र ठेवल्या तर लहान स्टुडिओंचाही खर्च वाचेल. आज ‘बाल्डर्स गेट ३’ खेळणाऱ्या मराठी मुलाला ल्यूट, बासरी, व्हायोलिन यांतून वाद्य निवडावे लागते. त्या यादीत तुणतुणे नाही ही तक्रार बेल्जियमकडे करण्यात अर्थ नाही.

कर्जत-खालापूर परिसराला कल्पित जगाचे वावडे नाही. कर्जतजवळ नितीन देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या स्टुडिओतल्या गड-महालांनी ‘राजा शिवछत्रपती’सारखी मालिका दिली आणि इमॅजिकाच्या दारात तिकिटासाठी रांग लावणारी मुले उंबरखिंडीच्याच रस्त्याने येतात. त्या रस्त्यावर गाडी थांबवून कोणी खिंडीकडे वळले, तर नदीकाठचे स्मारक दिसते, फलक वाचता येतो. त्या दिवशी खानाच्या छावणीत काय बोलणे झाले ते गाऊन सांगणारा मात्र २ फेब्रुवारी वगळता तेथे भेटण्याची शक्यता कमीच. आणि भेटलाच व त्याच्यापुढे कोणी नाणे टाकले, तर १९५९ चा कायदा त्याला शाहीर म्हणत नाही.