पहिला उशीर आपल्या घरात होतो

माझ्या धाकट्या बहिणीचं आठव्या महिन्यात दोन दिवस डोकं दुखत होतं. पाय आणि चेहरा सुजला होता. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. घरात सगळे म्हणाले, "या दिवसांत असं होतंच." भावोजी कुवेतला. त्यांचा फोन लागेपर्यंत सासरी कुणी निर्णय घेतला नाही. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा रक्तदाब १८०च्या वर होता. अल्लाहच्या कृपेने बहीण आणि बाळ दोघंही वाचले. पण ते तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर बंद पडला की नंतर आम्ही वेळेचा हिशेब मांडतो. पहिली सूचना कधी आली? पुढचं पाऊल उचलायला किती वेळ गेला? कुणाला दोष द्यायचा नसतो, वेळ कुठे गेला ते शोधायचं असतं.

मातामृत्यूंचा असाच हिशेब सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ साली मांडला. त्यांनी तीन उशीर दाखवले: दवाखान्यात जायचं ठरवण्यात, तिथे पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात.

२०१८-२० च्या सरकारी आकडेवारीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ मातांचा मृत्यू होत होता. रस्ते, रुग्णवाहिका, डॉक्टर यांचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. आपण तो विचारतोही. पण पहिला उशीर आपल्या घरात होतो आणि बहुतेक वेळा आपण पुरुषच तो करतो. कधी "अब्बा आल्यावर बघू", कधी "लेडी डॉक्टर उद्या येईल". प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबला नाही, तर काही तासांत जीव जाऊ शकतो. तो उद्यापर्यंत थांबत नाही.

बाळंतपणानंतरही धोका संपत नाही. चाळीस दिवस घराबाहेर न पडण्याची रीत आरामासाठी ठीक आहे. पण बाळंतिणीला ताप आला, रक्तस्राव वाढला, बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, त्याचं अंग थंड किंवा गरम लागलं, तर चाळीस दिवस मोजत बसू नका.

उपाय महाग नाही. सातव्या महिन्यातच घरात बसून ठरवा: कोणतं रुग्णालय, रात्री गाडी कुणाची, रक्त कोण देणार, सोबत कोण जाणार. १०८ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त आणि जाण्या-येण्याची सोय मोफत आहे. हे आपल्या मोहल्ल्यात किती जणांना ठाऊक आहे? आशाताईंना विचारा, त्या सगळं समजावून सांगतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, निघायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क त्या बाईलाच द्या. माझी बहीण आता पुन्हा गरोदर आहे. या वेळी तिने सासूबाईंना आधीच सांगून ठेवलंय, "मला बरं वाटलं नाही तर मी निघेन. फोन रिक्षातून करीन."

सासूबाई म्हणाल्या, "मी पण येईन." तुमच्या घरातही हे बोलणं याच आठवड्यात होऊ द्या.