'तोच', 'तसाच' आणि घडीव मराठी

परिभाषा काटेकोर असते आणि बोली ढिसाळ असते, हे गृहीतक आपल्या समीक्षेत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला भासत नाही. साम्यवाचक शब्दांपुरती तरी वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. त्यासाठीची उदाहरणे भोर आणि वेल्हे या मावळी तालुक्यांतील आहेत. घडीव भाषेचे व्यवहारात काय होते, हे तेथे स्पष्ट दिसते.

'घडीव भाषा' म्हणजे कोणा अधिकारी व्यक्तीने वा समितीने योजून सिद्ध केलेली भाषा. या अर्थाने १८८७ साली झामेनहॉफने प्रसिद्ध केलेली एस्पेरांतो घडीव आहे. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'तील संस्कृत पर्यायही घडीव आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाची शासकीय परिभाषा आणि आपली समीक्षेची परिभाषाही त्याच जातीची. एस्पेरांतोकाराने 'सामा' (तोच), 'सिमिला' (सारखा) आणि 'एगाला' (बरोबरीचा) असे तीन वेगळे शब्द तरी योजले. आमच्या परिभाषाकारांनी समान, समरूप, समकक्ष, समतुल्य ही सारी प्रजा 'सम' या एकाच मुळापासून वाढवली, आणि वापरात हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास बसू लागले.

बोलीत असा गोंधळ होत नाही. 'तीच विहीर' आणि 'तशीच विहीर' यांत कोणताही शेतकरी घोटाळा करणार नाही. मावळच्या बोलीत 'वानी', 'गत', 'परमानं', 'सारखं' असे साम्याचे शब्द आहेत. 'पोरगा बापावानी दिसतो' या वाक्यात पोरगा आणि बाप हे दोन आहेत, हे आधीच मान्य केलेले असते. उपमेसाठी साधर्म्याबरोबर भेदही हवा, हे मम्मटाने सांगितले. गवय गाईसारखा असतो हे नैयायिकांचे उदाहरणही गवय गाय नाही या जाणिवेवरच उभे आहे. जे तत्त्व शास्त्राने सूत्रात मांडले, ते बोलीने प्रत्ययात सांभाळले.

याउलट कोशाचे मूलभूत वाक्य 'अ म्हणजे ब' असे असते. त्यात भेदाला जागा नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरनीसाचा 'सचिव' झाला. सुरनीस कागदपत्रे तपासणारा अधिकारी; संस्कृतातील सचिव मुळात सोबती, साहाय्यक. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायणांकडे हे पद आले, त्यांच्या घराण्यात ते वंशपरंपरेने चालले आणि भोरचे संस्थानिक 'पंतसचिव' म्हणवले गेले. १९४८ साली संस्थान विलीन झाले. आज 'सचिव' मंत्रालयात बसतो. सोबती, कारकुनी अधिकारी, राजा आणि नोकरशहा हे चौघे एका शब्दाखाली नांदतात. घडवणाऱ्यांनी 'तोच' म्हणून दिलेला शब्द इतिहासाने फार तर 'तसाच' ठरवला, आणि पुढे तसाही ठेवला नाही.

वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्यास २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्यामागील अभिमानाशी येथे वाद नाही. परंतु ज्या डोंगरावर राजगड उभा राहिला तोही त्यापूर्वी मुरुंबदेवाचा डोंगर म्हणून ओळखला जात असे. नवे नाव जुन्याच्या जागी बसते, पण जुन्याने जे सांगितले ते सांगत नाही.

हा केवळ कोशकारांचा प्रश्न असता तर त्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. भाटघर, पानशेत, नीरा-देवघर, गुंजवणी अशा धरणांखाली या दोन तालुक्यांतील खोरी बुडाली. पुनर्वसनाच्या कागदांत विस्थापितांसाठी जो शब्द येतो तो 'पर्यायी जमीन'. कोशातही 'पर्याय'च असतो: एका शब्दाऐवजी ठेवता येणारा दुसरा शब्द. शब्दाऐवजी शब्द ठेवण्याची ही सवय जमिनीऐवजी जमीन ठेवण्यापर्यंत पोहोचली, आणि दोन्ही ठिकाणी भेदाचा हिशेब वहीबाहेर राहिला. उताराचे भातखाचर आणि दूरच्या लाभक्षेत्रातील सपाट रान यांचे क्षेत्रफळ एक भरेल. पाणी, देव, शेजार आणि हाताला असलेली शेतीची सवय एक भरणार नाही. मराठी माणूस मात्र म्हणतो, 'जमिनीसारखी जमीन गेली.' येथे 'सारखी' हा साम्यवाचक शब्दच त्या जमिनीला दुसरी तोड नाही असे सांगतो. आलंकारिकांच्या अनन्वयाला ही रचना किती जवळची आहे, हे वेगळे सांगायला नको. ज्या भाषेला एवढे सूक्ष्म बोलता येते तिला ढिसाळ म्हणणे हे अज्ञान आहे.

यावर देशीवादी मित्र आनंदतील. त्यांनी घाई करू नये. 'सारखा' हा संस्कृत 'सदृक्षा'चा वंशज आहे आणि 'परमानं' हे 'प्रमाणा'चे रूप आहे. मुद्दा शब्दाच्या कुळाचा नाहीच. शतकानुशतके तोंडोतोंडी झिजून या शब्दांना भेद राखण्याचे वळण लागले; समितीच्या बैठकीत ते लागत नाही, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या समीक्षेची अवस्था वेगळी नाही. एखाद्या मराठी कादंबरीचे काफ्काशी 'साम्य' आहे असे लिहिले जाते आणि पुढच्या परिच्छेदात त्या साम्याचे उसनवारीत रूपांतर होते. 'तसेच' म्हणून सुरुवात करायची आणि 'तेच' म्हणून निकाल द्यायचा, ही चलाखी 'साम्य' या शब्दाच्या आडोशाने खपते. म्हणून साम्य दाखवणाऱ्या प्रत्येक समीक्षकाकडे दोन प्रश्नांची उत्तरे मागितली पाहिजेत: तुम्हाला 'तेच' म्हणायचे आहे की 'तसेच'? आणि 'तसेच' म्हणायचे असेल, तर उरलेला भेद कोणता? ज्याच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याने तुलना केलेली नाही. एका नावाऐवजी दुसरे नाव लिहिले आहे, इतकेच.