उत्पन्नाची मर्यादा वाढली, पण पाळणाघर कुठे आहे?

सरकार एखाद्या योजनेची उत्पन्नमर्यादा वाढवते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. वकिलाच्या सवयीने मी आधी विचारतो, लाभ द्यायला जागा किती आणि पैसा कोणाचा?

२००६ साली राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाची मर्यादा १,८०० रुपयांवरून १२,००० रुपये झाली. निर्णय योग्यच होता. पण महागाई वाढत गेली आणि आकडा तिथेच राहिला. २०१७ च्या सुधारणेत १२,००० च्या वरच्या कुटुंबांनाही महिना २०० रुपये शुल्कात दार उघडले. मात्र त्याच सुधारणेत केंद्राने आपला वाटा ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणला. ३० टक्के राज्यांनी द्यावेत आणि १० टक्के संस्थांनी, असे ठरले. २०१४-१५ मध्ये देशात तेवीस हजारांवर पाळणाघरे होती, २०२० पर्यंत ती सात हजारांच्याही खाली आली. दार रुंद केले आणि घरच पाडले!

याची किंमत कोण मोजतो? माझ्याकडे येणारी एक कंत्राटी सफाई कामगार भगिनी पहाटे पाचला झाडू घेऊन निघते. धाकट्याला सांभाळायला तिने सातवीतल्या मुलीला घरी बसवले आहे. आपल्या वस्त्यांत अशी किती घरे आहेत, हे वाचकांना मी सांगायला नको. सावित्रीमाईंनी उघडलेली शाळा त्या मुलीसाठी पाळण्यापाशीच बंद होते.

कायदे नाहीत असे नाही. कारखाना कायद्यात ३० हून अधिक स्त्री कामगार असल्यास पाळणाघराची सक्ती होती. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर ती घातली. पण धुणीभांडी करणारी, बिगारी, ऊसतोड करणारी बाई कोणत्या आस्थापनेच्या हजेरीपटावर आहे?

२०२२ पासून मिशन शक्तीखालील ‘पाळणा’ योजनेत आईच्या नोकरीची अट उरली नाही, हे चांगले झाले. पण अंगणवाडीला पाळणाघर जोडायचे तर स्वतंत्र सेविका, मदतनीस आणि वेळेवर मानधन हवे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असेच मांडले होते. म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या वॉर्डात किती अंगणवाड्यांना पाळणाघर मंजूर झाले आणि त्यातली किती प्रत्यक्ष उघडली, याची माहिती अधिकारात विचारणा या महिन्यातच करावी. अर्जाचा मसुदा मी देईन.