होडी ठरवण्याआधी हिशेब ठरवा

उपनगरांतील प्रवास व्यवसायात गेल्या काही वर्षांत एक नवा माल आला आहे. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड येथील टूरवाल्यांच्या फलकांवर महाबळेश्वर आणि अजमेर यांच्या जोडीला आता ‘मालवण स्कूबा’ झळकू लागले आहे. त्यात भर पडली ती ‘गुलदार’ची. पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ साली नौदलात दाखल झालेली, सुमारे ८३ मीटर लांबीची ही युद्धनौका जानेवारी २०२४ मध्ये सेवेतून निवृत्त झाली आणि २०२५ साली राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे सोपवण्यात आली. सिंधुदुर्गातील निवती खडकांजवळ ती समुद्रतळाशी बसवायची आणि बुडी मारून पाहण्याजोगे संग्रहालय तयार करायचे, अशी ही योजना. साहजिकच ‘बुडालेले जहाज पाहा, शार्क पाहा’ अशा सहलींची चौकशी सुरू झाली आहे.

आपल्यातील बरेच तरुण या धंद्यात आहेत. गट जमवायचा, गाडी किंवा कोकणकन्येची तिकिटे काढायची, मालवणात अख्खी होडी भाड्याने घ्यायची आणि माणशी दर लावायचा, असे हे काम आहे. भांडवल थोडे लागते, मेहनत पुष्कळ. धंदा चांगला आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या रीतीने दर पाडण्याची चढाओढ लागली आहे ती रीत घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरण घेऊ. समजा होडी, डिझेल आणि खलाशी मिळून दिवसाचे २४,००० रुपये झाले. होडीची परवानगी १२ प्रवाशांची. म्हणजे माणशी २,००० रुपये पडले. ऐन वेळी चौघे गळाले तर उरलेल्या आठांवर ३,००० रुपयांचा बोजा येतो किंवा टूरवाला तोट्यात जातो. उलट १२ च्या जागी १६ बसवले तर दर १,५०० वर येतो आणि शेजारच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक आपल्याकडे येते. हे वाचलेले ५०० रुपये नफ्यातून गेलेले नाहीत, प्रवाशाच्या सुरक्षेतून गेले आहेत. व्यापाऱ्याने हा फरक ओळखला पाहिजे.

दर्याने हा धडा वारंवार दिला आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणारी होडी किनाऱ्याजवळ उलटली, दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जण प्राणास मुकले. धडक बोटवाल्याच्या हातची नव्हती. परंतु परवान्यापेक्षा जास्त माणसे बोटीवर होती, हेही त्यानंतर उघड झाले.

म्हणून इसार देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, कागद. मेरिटाइम बोर्डाची नोंदणी, सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आणि प्रवासी संख्येचा आकडा डोळ्यांनी पाहावा. मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना नव्हे. शंका आली तर बंदर निरीक्षकाच्या कचेरीत विचारावे. दुसरी, जीवरक्षक जाकिटे. ती माणसांच्या संख्येइतकी हवीत आणि होडीत रचून ठेवलेली नव्हे, अंगावर घातलेली हवीत. तिसरी, विमा. प्रवास विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत स्कूबा वगळलेला असतो, तेव्हा बारीक अक्षरे वाचूनच हप्ता भरावा. चौथी, परताव्याची अट. बंदरावर धोक्याचा बावटा लागला तर होडी निघणार नाही. त्या दिवशी इसाराचे काय, हे आधी लेखी ठरलेले असावे. गिऱ्हाइकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ही बुडी होईपर्यंत अमानत आहे, कमाई नव्हे.

पाण्याखालचा हिशेबही टूरवाल्याला कळला पाहिजे. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवर तो चौपट होतो आणि टाकीतील हवाही चौपट वेगाने संपते. वर दोन तास पुरणारी टाकी तेथे अर्धा तासही पुरत नाही, कारण वर येण्यापुरती हवा राखून ठेवावी लागते. प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाला प्रशिक्षकाच्या हाताखाली १२ मीटरपर्यंतच नेतात. पहिल्या परीक्षेनंतर मर्यादा १८ मीटरची. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरणे हे तर वेगळ्या प्रशिक्षणाचे काम आहे. तारकर्लीत पर्यटन महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्याचा लाभ घ्यावा. दमेकरी, हृदयविकार असलेले किंवा कान फुटलेले गिऱ्हाईक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नये. अनेक बुड्या मारल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये. परतीचे तिकीट त्या बेताने काढावे.

आता शार्कविषयी. मुशी आणि मोरी आपण बाजारात पाहतो. मात्र ‘मालवणात शार्क हमखास दाखवू’ असे छापणे म्हणजे न ठेवलेला माल विकणे. व्हेल शार्कला तर २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. जाळे कापून संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्यात २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ज्या गिऱ्हाइकाला शार्कच पाहायचे आहेत त्याला मालदीवचा रस्ता दाखवावा. तेथे २०१० साली शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली गेली, फुवामुला बेटापाशी वाघशार्क पाहायला जगभरचे लोक येतात आणि मालेजवळ १९८१ साली बुडालेले ‘मालदीव व्हिक्टरी’ जहाजही आहे. त्या देशाने ओळखले की मारलेला शार्क एकदा विकला जातो, जिवंत शार्क रोज कमाई देतो.

कारागीर बंधूंसाठीही यात काम आहे. होडीचे फायबर, सुतारकाम, इंजिनाची दुरुस्ती, जाकिटांची शिलाई ही कामे साकीनाका, जोगेश्वरी आणि कुर्ल्याचे हात उत्तम करू शकतात. एकच इशारा. गॅरेजचा हवेचा कॉम्प्रेसर श्वासाची टाकी भरायला कधीही वापरू नये. त्यातून येणारे तेल आणि विषारी वायू पाण्याखाली माणसाला मारतात. टाकीची दाबचाचणीही मान्यताप्राप्त ठिकाणीच व्हावी.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. उपनगरांतील टूरवाल्यांनी याच दिवसांत एकत्र बसावे, किमान दर ठरवावा आणि जादा प्रवासी भरणाऱ्या होडीवाल्याला कुणीही काम देणार नाही, असा निर्णय करावा. दर थोडा वाढेल, काही गिऱ्हाईक जाईलही. पण हंगाम सुरू होईल तेव्हा घरी बसलेल्या आईबापांना ‘तुमचा मुलगा सुखरूप परत आणू’ असे सांगण्याचा हक्क आपल्याला राहील.