यशवंत घाडगे कुणासाठी मेला?

"इंग्रजांसाठी लढला ना? मग आपण कशाला कौतुक करायचं?" दुसऱ्या महायुद्धातल्या मराठी शिपायांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी तर नक्कीच. मंडळी, मला या वाक्याची मनापासून चीड येते.

आधी माणूस कोण ते बघू. नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री. गाव पळसगाव, तालुका माणगाव, आताचा रायगड जिल्हा. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि याच्या सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. उरला हा एकटा. तो सरळ मशीनगनवरच धावून गेला. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने आणखी एक टिपला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. मग स्नायपरच्या गोळ्यांनी स्वतः पडला. वय वर्षं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र नाही, कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

२२ म्हणजे आपण फायनल इयरच्या सबमिशनसाठी पळापळ करत होतो ते वय!

आता आक्षेप. इंग्रजांचं राज्य अन्यायाचंच होतं, त्यात वाद नाही. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने इथल्या कुणाला न विचारता देशाला युद्धात ढकललं, हेही खरं. पण समोर कोण होतं? हिटलरचं सैन्य. ते जिंकलं असतं तर बरं झालं असतं, असं कुणाला म्हणायचंय का?

दुसरा टोमणा, "पगारासाठी गेले." बरं मग? आपण रात्र रात्र जागून अमेरिकन क्लायंटची कामं करतो ते करिअर, आणि गावाकडचा पोरगा पोटासाठी पलटणीत गेला की भाडोत्री? वा रे न्याय!

आणि हाच निकष लावायचा तर आमच्या जालना जिल्ह्यातल्या असईचं काय करणार? २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे लढाई झाली. वेलस्लीच्या फौजेत मोठा भरणा देशी शिपायांचा. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन, म्हणजे चक्क जर्मन. कोण कुणासाठी लढत होतं, सांगा बघू! दोन्हीकडे मेली ती याच देशातली पोरं.

माणगावात घाडगेचा पुतळा आहे. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्याच्या आठवणीसाठी सूर्यघड्याळ उभारलं. त्या गावाला त्याची किंमत कळते. आपल्याला आधी त्याचा मालक कोण होता ते हवं असतं.

साम्राज्याचा हिशोब साम्राज्याकडे जरूर मागा, व्याजासकट मागा. पण तो २२ वर्षांच्या पोराच्या नावावर टाकू नका. एवढंच.