कठोरपणाचे श्रेय

टाकून बोलल्यावाचून मुले काही शिकत नाहीत, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. शाळांतून छडी गेली तरी ही समजूत गेलेली नाही. आणि एखाद्या कीर्तिमान खेळाडूचे उदाहरण हाती लागले की तिला नवे बळ चढते. "गुरूने असे फैलावर घेतले, म्हणूनच सुवर्णपदक मिळाले!" हे उद्गार आम्ही पालकांच्या तोंडून, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांच्या खोलीतही, पुष्कळदा ऐकले आहेत. म्हणून मार्गारिता मामून या रशियन मुलीची हकीकत येथे मांडावीशी वाटते.

मार्गारिता १९९५ साली मॉस्कोत जन्मली. वडील बांगलादेशातले, जहाजांवरील यंत्रांचे अभियंते. आई रशियन आणि स्वतः एके काळची खेळाडू. मुलीचा खेळही आईचाच, तालबद्ध जिम्नॅस्टिक्स. १३ मीटर लांबरुंद चौकात, संगीताच्या साथीने, सव्वा ते दीड मिनिटात, मोठे कडे, चेंडू, क्लबची जोडी किंवा ६ मीटरांची फीत खेळवीत ही कसरत करावयाची. (हे क्लब म्हणजे आपल्या तालमीतील मुद्गलांचेच दूरचे वंशज, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते हिंदुस्थानातून तिकडे नेले.) पाहणाऱ्याला यातले श्रम दिसता कामा नयेत, ही या खेळाची जणू अटच आहे.

ते श्रम मार्ता प्रुस या पोलिश दिग्दर्शिकेने दाखविले. रिओ ऑलिम्पिकपूर्वीच्या मार्गारितेच्या तयारीवर तिने काढलेला 'ओव्हर द लिमिट' हा अनुबोधपट २०१७ साली प्रदर्शित झाला. त्यात रशियन संघाच्या मुख्य प्रशिक्षिका इरिना विनेर या मुलीला ज्या शब्दांत झोडपतात, ते ऐकवत नाहीत. आणि त्याच काळात तिकडे तिचे वडील कर्करोगाने आजारी होते.

पुढे २०१६ च्या ऑगस्टमध्ये मार्गारितेने सुवर्णपदक मिळविले. म्हणजे विनेरबाईंचेच खरे ठरले, असे कोणी म्हणेल. परंतु त्या दिवसाचा गुणतक्ता जरा बारकाईने पाहावा. दोन कसरतींनंतर पुढे होती ती मार्गारिता नव्हे, तर तिच्याच संघातील, लागोपाठ तीनदा जगज्जेती ठरलेली याना कुद्रियावत्सेवा. तिचे ३८.४७५ गुण झाले होते, मार्गारितेचे ३८.२००. तिसऱ्या कसरतीच्या अगदी शेवटी यानाच्या हातून एक क्लब निसटला, १७.८८३ वर तिला थांबावे लागले. अंतिम गणती मार्गारिता ७६.४८३, याना ७५.६०८. अंतर एका गुणाहूनही कमी! तो एक झेल साधता, तर आज आम्ही यानाचे सुवर्ण सांगत बसलो असतो.

दोघी एकाच संघातल्या, एकाच मुख्य प्रशिक्षिकेच्या धाकाखालच्या. त्या धाकाने मार्गारितेला सुवर्ण दिले म्हणावे, तर यानाचा क्लब त्याने का झेलला नाही? जिंकणारीच्या यशाचे श्रेय कठोर शब्दांना द्यावयाचे आणि हरणारीची चूक तिच्या एकटीच्या माथी मारावयाची, हा हिशेब आम्हांस प्रामाणिक वाटत नाही.

शिस्त नको, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. एकच झेल शंभर वेळा घोटावा लागतो. आमच्या लेझीमच्या पथकातील मुलींना ते ठाऊक आहे. पण पाऊल चुकले तर चुकलेले पाऊल दाखवावे. त्यासाठी मुलीची लायकी काढण्याचे कारण काय, हे आम्हांस अजून कोणी पटवून दिलेले नाही.

पदकानंतर थोड्याच दिवसांत मार्गारितेचे वडील वारले. २०१७ च्या नोव्हेंबरात तिने निवृत्ती जाहीर केली; तेव्हा ती २२ वर्षांची होती. यानाने त्याच वर्षी, तिच्याही आधी, खेळ सोडला होता. तिचे वय होते १९.