पायाचा इसब : दोष रक्ताचा कीं वहाणेचा?

भाताची लावणी सुरू झाली, कीं आमच्या भागांत पाय खाजणाऱ्यांची संख्या वाढते. जो तो म्हणतो, रक्त बिघडलें. कोणी वांगें सोडतो, कोणी जुलाब घेतो. आमच्या मतें हा निकाल चौकशीवांचून दिलेला आहे. महसूल खात्यांतील कारकुनींत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस एक खोड जडली आहे : स्थळपाहणीशिवाय शेरा मारूं नये.

तेव्हां प्रथम जागा पहावी. दिवसभर चिखलपाण्यांत भिजून करंगळीशेजारच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलली, तर त्या बहुधा चिखल्या होत. तेथें बुरशी वाढते. उलट, बेचकीं स्वच्छ असून पावलाच्या वरच्या अंगास, नेमका पट्ट्याखालीं इसब उठला, तर संशय वहाणेवर घ्यावा. रबर टिकाऊ व्हावें म्हणून त्यांत घातलेलीं रासायनिक द्रव्यें, तसेंच चामडें कमावण्यास वापरलेले क्रोमचे क्षार, घामानें सुटून कातडींत शिरतात व कित्येकांस तीं सोसत नाहींत. वर्षानुवर्षें तसलीच चप्पल वापरणाऱ्यासही एके दिवशीं हा विकार जडूं शकतो, हें पुष्कळांस खरें वाटत नाहीं. आम्हांसही वाटलें नव्हतें. घोट्याच्या आंतल्या बाजूस काळसर डाग पडून खाज सुटते, ती बहुतेक फुगलेल्या शिरांमुळें. तें प्रकरण निराळें.

आमच्या दोन्ही पावलांवर पट्ट्यांची हुबेहूब खूण उमटली असतां आम्ही तीन वर्षें दुकानांतून आणलेलीं मलमें चोळलीं. चार दिवस आराम, पुन्हां पूर्ववत्. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतें. त्यानें खाज थांबते, परंतु बुरशी असल्यास ती पसरते, आणि फार दिवस चोळल्यास कातडी पातळ होते. २०१८ सालीं सरकारनें अशा कित्येक मलमांस डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली. आम्हांस तीं मागतांच मिळत गेलीं. भेगांत बिबा घालण्याची चालही अशीच. बिबा उतला म्हणजे फोड येऊन मूळ दुखणें बाजूस राहतें.

अखेर जिल्ह्याच्या गांवीं चर्मरोगतज्ज्ञानें आमच्या पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनीं काढल्या. रबरांतील एका द्रव्याखालची जागा तेवढी लाल उठली होती. रबरी चप्पल टाकून बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेल्या चामड्याची, हातानें शिवलेली वहाण घेतली, आणि दोन महिन्यांत पाय निवळला. मधल्या एका हंगामांत लावणीस माणूस लावून जी मजुरी दिली, ती कोणत्या खातीं लिहावी?

आतां आपलें मंडळ सभासदांसाठीं गमबूट आणविणार आहे. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून तें योग्यच. परंतु बूट सरसकट रबरी न मागवितां कांहीं जोड पी.व्ही.सी.चे घ्यावे, सोबत सुती मोजांचे दोन दोन जोड द्यावे, आणि नोंदणीच्या वेळीं कोणाचे पाय रबरानें उठतात हें विचारून घ्यावें. नोंदवहीचें काम आम्ही विनामूल्य करूं.